अंगणातला अडथळ्यांचा फेरा: कशानंतर काय?

ताई, तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. गोव्यातल्या साखळीजवळ घर, पुढे मातीचं अंगण, मधोमध तुळस. मुलगा नऊ वर्षांचा, अंगाने भरलेला. शाळेतल्या शर्यतीत शेवटी येतो म्हणून आता धावायलाच नको म्हणतो. मुलगी पाच वर्षांची, तिला एका जागी बसवत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आणखी तीन भावंडं येणार. अडथळ्यांच्या शर्यतीचा तयार संच ऑनलाइन आठ-दहा हजारांना दिसतोय. तो घ्यावा की घरीच जमेल? जमेल तर कुठले अडथळे मांडावे, पाच आणि नऊ वर्षांच्या मुलांना एकाच वाटेवर कसं पळवावं, आणि पाऊस लागला की काय?

संच घेऊ नका. डिचोली आणि सत्तरीतल्या शाळांत मी तीस वर्षं पीटी शिकवली. असे दोन संच हाताळलेत. ते वाईट नसतात, पण चौथ्या दिवशी मुलं त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मांडायचं, जुळवायचं, बिघडवायचं सगळं काम कारखान्यात होऊन आलेलं असतं, मुलाला फक्त पळणं उरतं. शिवाय हलकं प्लास्टिक मेमधल्या दुपारच्या वाऱ्यात शेजाऱ्याच्या कुंपणापर्यंत जातं, ते आणण्यातच निम्मा व्यायाम होतो.

सगळे पालक पहिल्यांदा विचारतात, अडथळे कुठले? मी उलट विचारतो, कशानंतर काय? जमिनीवर टाकलेली एक साधी फळी घ्या. चालत येऊन तिच्यावरून जायचं असेल तर तुमची पाच वर्षांची मुलगीही आरामात जाईल. तीच फळी बाटल्यांमधून नागमोडी धावून आल्यावर लगेच लागली, तर नऊ वर्षांचा मुलगाही डुलतो. फळीची उंची बोटभरही वाढली नाही, तरी ती अवघड झाली. घरी वाट मांडणारे बहुतेक लोक अवघडपणा वाढवायला उंची वाढवतात. खुर्चीवर स्टूल, स्टुलावर पाट, आणि मग हात मोडतो. तुम्ही उंचीला हातच लावू नका. क्रम बदला.

क्रमाचे काही नियम मी अनुभवाने शिकलोय. उड्या सुरुवातीला ठेवाव्यात, पाय ताजे असताना. दमलेल्या मुलाला उडी मारता येते, पण नीट उतरता येत नाही. गुडघे आत वळतात आणि टाच आपटते. धावण्यानंतर तोल सांभाळायचं काम द्यावं, कारण तिथे मुलाला स्वतःहून वेग आवरावा लागतो, आणि वेग आवरणं हा वेग वाढवण्याइतकाच मोठा व्यायाम आहे. गिरकी किंवा कोलांटी यांच्या मागोमाग मात्र फळी कधीच नको. अंग थांबलं तरी कानाच्या आतलं पाणी थोडा वेळ फिरतच राहतं, मुलाला जमीन तिरकी वाटते. तिथे जमिनीवर खडूची किंवा राखेची रेघ ओढून द्या, तिच्यावरून चालू दे. पडलं तरी मातीतच पडेल. नेम धरून फेकायचं काम मध्यावर ठेवा. धापा टाकणाऱ्या मुलाचा नेम लागत नाही, म्हणून ते आपणहून एक लांब श्वास घेतं. 'दमलास, जरा थांब' असं सांगून नऊ वर्षांचा मुलगा थांबत नाही, बादलीत पिशवी पडत नाही म्हटल्यावर थांबतो. आणि ओढण्या-रांगण्याची कामं शेवटी. तिथे पाय सुटायची भीती नसते, दमलेल्या अंगानेही ती करता येतात.

आता दोन वयांचा प्रश्न. मस्का मॉस्टन नावाच्या शारीरिक शिक्षण तज्ज्ञाची तिरक्या दोरीची युक्ती आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असते. दोरी आडवी, समपातळीत धरली की ज्याला ती ओलांडता येत नाही तो बाद होतो आणि बाजूला उभा राहतो. म्हणजे ज्याला सरावाची गरज सर्वांत जास्त, त्यालाच सराव मिळत नाही. दोरीचं एक टोक जमिनीवर आणि दुसरं उंच धरलं की प्रत्येकाला आपल्याला झेपेल अशी जागा सापडते. कोणी बाद होत नाही. आणि गंमत म्हणजे मूल दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आपणहून जरा उंच बाजूला सरकतं. त्याला कोणी सांगावं लागत नाही.

मी ही युक्ती जवळजवळ प्रत्येक अडथळ्याला लावतो. अंगणात राखेने दोन रेघा ओढा, एका टोकाला वीतभर अंतर, दुसऱ्या टोकाला चार फूट. हा झाला ओहोळ. धाकटी अरुंद बाजूने उडी मारेल, थोरला मधून, मुंबईहून आलेला चुलतभाऊ शेखी मिरवत रुंद बाजूने आणि पाण्यात पडेल. बांबूची काठी आडवी ठेवायची तर एक टोक जमिनीवर आणि दुसरं वाळू भरलेल्या बाटलीवर. रांगायच्या पट्ट्यासुद्धा एकीकडे खाली, दुसरीकडे वर. बादली एकच, पण फेकायच्या रेघा तीन. अशी वाट मांडली की पाच वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा एकाच वेळी, एकाच वाटेवर पळतात, आणि तिला 'तू लहान आहेस, तू बाजूने जा' असं ऐकून घ्यावं लागत नाही.

तुमच्या अंगणात मी वाट कशी मांडली असती ते सांगतो. आठ मीटर बाय सहा मीटर जागा असली तरी पुष्कळ. वाट सरळ नको, गोल हवी. सरळ वाटेला शेवट असतो, शेवटाला रांग लागते, आणि रांगेत उभं राहिलेलं मूल एकतर ढकलाढकली करतं नाहीतर मोबाइल मागतं. गोल फेऱ्यात पहिला फळीपर्यंत पोचला की दुसऱ्याने निघायचं. पाच मुलांपैकी तीन पळतात, दोन उरतात. त्या दोघांना मी 'राखणदार' करतो. आपल्याकडे प्रत्येक गावाला राखणदार असतो, तसा अडथळ्यालाही. पडलेली काठी परत ठेवायची, सरकलेली बाटली जागेवर आणायची, आणि कोणी पट्टी चुकवून बाहेरून गेला तर त्याला परत पाठवायचं. दर फेरीला राखणदार बदलतो. या कामाला मुलं पळण्याइतकीच भांडतात.

तुळशीभोवती फेरा आपोआप गोल होतो, पण वृंदावनाला लागून वाट नको. हे मी चूक करून शिकलोय. एका शाळेत अंगणवजा जागेत मी नागमोडी धाव अशी मांडली होती की तिचा शेवट थेट सिमेंटच्या कट्ट्यापाशी व्हायचा. पहिल्या दिवशी मुलं सावध होती, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना वाट पाठ झाली, वेग वाढला, आणि एका मुलाची भुवई कट्ट्याच्या कोपऱ्यावर फुटली. तीन टाके पडले. मुलाची काही चूक नव्हती, थांबायला जागा मीच ठेवली नव्हती. तेव्हापासून जिथे जिथे वेग येतो, तिथे पुढे निदान तीन मीटर मोकळी जमीन ठेवतो, आणि कट्टा, पायरी, वृंदावन, विहिरीचा काठ यांच्याकडे तोंड करून मूल कधीही धावणार नाही अशी दिशा देतो. सासूबाईंचा तुळशीभोवती धावण्याला आक्षेप असेल तर त्यांचंही ऐका. वृंदावनापासून दोन हात लांब राखेचं वर्तुळ काढा, आत कोणी जायचं नाही. तुळशीचा मान राहतो आणि भुवयाही शाबूत राहतात.

आता फेरा. सुरुवातीला नारळाची सोडणं, सहा-सात, पावलापावलावर मांडलेली. जोडपायांनी एकेक ओलांडत जायचं. सोडण चुकून पायाखाली आलं तर दबतं, लागत नाही, म्हणून मला ते विटेपेक्षा शंभरपट आवडतं. इथे एकच गोष्ट शिकवा: उतरताना आवाज करायचा नाही. मांजर भिंतीवरून उतरतं तसं. 'धप्प' आलं तर टाचा आपटल्या, 'टप' आलं तर गुडघे वाकले आणि चवडे आधी टेकले. पायांची ठेवण समजावून सांगण्यात मी पहिली काही वर्षं फुकट घालवली. आवाज ऐका म्हटल्यावर मुलं दोन दिवसांत शिकतात, आणि राखणदार कान लावून बसतो.

त्यानंतर तो तिरका ओहोळ, मग तिरक्या काठ्या. काठीला आपल्याकडचा माणगा बांबू उत्तम, सरळ, बिनकाट्याचा आणि जवळजवळ भरीव. पेरांवरच्या गाठी कोयत्याने तासून, घासून घ्या. काठी कधीही बांधायची नाही, नुसती टेकवायची. पाय लागला तर काठी पडली पाहिजे, मूल नाही. मग पाण्याच्या जुन्या बाटल्या वाळूने भरून नागमोडी मांडा. अंतर समान नको, एक वळण मोठं, एक अगदी तोकडं. आणि तिथून थेट फळीवर.

फळी दोनेक मीटर लांब आणि वीतभर रुंद असली की झालं. आधी जमिनीवरच. आठवड्याने हवी तर दोन्ही टोकांखाली एकेक वीट आडवी घाला, आणि ती हलत नाही ना हे स्वतः तिच्यावर उभं राहून बघा. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने खेळाच्या मैदानांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत तोलाच्या फळीची कमाल उंची शाळेआधीच्या मुलांसाठी १२ इंच आणि शाळेतल्या मुलांसाठी १६ इंच दिली आहे. ती कमाल आहे. आपल्याला विटेच्या वर जायचंच नाही. एक सावधगिरी: कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पडलेलं पोफळीचं खोड चिरून त्याची फळी करण्याचा मोह होतो, फुकट मिळतं म्हणून. करू नका. त्याची कूस पायात शिरली की सुईने काढताना घर डोक्यावर घेतलं जातं.

फळीनंतर नेम. जुन्या कापडाच्या पिशव्यांत चिंचोके भरून शिवा, मूठभर आकाराच्या. बादली ठेवा, तीन रेघा ओढा. तीन पिशव्या टाकल्या की पुढे. किती आत पडल्या ते मोजायचं नाही, निदान पहिला आठवडा तरी नाही. एकदा उजव्या हाताने, पुढच्या फेरीत डाव्या.

मग रांगणं. चार खुंट्या ठोका, किंवा चार खुर्च्या मांडा, आणि त्यांच्यामध्ये जुन्या सुती साडीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या बांधा. दोरी वापरू नका. नायलॉनच्या दोरीने कातडी सोलते, सुंभाने मान घासते, आणि दोन्ही तुटत नाहीत. साडीची जुनी पट्टी जोराने अडकलं की टरकन फाटते, तेच आपल्याला हवंय. पोटावर सरपटणं, हात-पाय टेकून अस्वलासारखं जाणं, पोट वर करून कुर्लीसारखं, म्हणजे खेकड्यासारखं, मागे जाणं, यातलं काय करायचं ते रोज मुलांनी ठरवावं. कुर्लीची चाल दिसते गमतीची, पण खांदे आणि पाठ यांना तिच्याइतकं काम थोड्याच गोष्टी देतात.

आणि शेवटी विरी, म्हणजे पोफळीच्या झावळीचा देठाकडचा रुंद भाग. हाच तुमच्या मुलासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून इथे जरा थांबतो.

पोफळीची विरी गळून पडते, तिच्यावर एकाने बसायचं आणि दुसऱ्याने झावळी धरून ओढायचं, हा खेळ तुमच्या-माझ्या लहानपणी कोण खेळलं नाही? तो निव्वळ खेळ नाही. पाय, कंबर, पाठ, खांदे, मुठी, सगळं एका वेळी कामाला लागतं, आणि कुठेही आदळआपट नाही. अंगाने भरलेल्या मुलाला धावताना स्वतःचं वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं, उडी मारून उतरताना तेच वजन गुडघ्यांवर येतं. साहजिकच तो शेवटी येतो, आणि वर्गासमोर येतो. पण ओढताना हिशेब उलटतो. ज्याचं वजन जास्त त्याचे पाय मातीला जास्त घट्ट धरतात. किडकिडीत चुलतभाऊ ओढायला जाईल तर त्याचेच पाय घसरतील आणि विरी जागची हलणार नाही. तुमचा मुलगा धाकट्या बहिणीला बसवून अंगणभर फिरवेल. वर्षानुवर्षं शेवटी येणाऱ्या मुलाला एक तरी गोष्ट अशी लागते जिथे बाकीचे त्याला 'आता मला ओढ' म्हणून विनवतात. ती मिळाली की उड्यांच्या भागातही तो टाळाटाळ करीत नाही, कारण त्यातून गेल्याशिवाय विरीपर्यंत पोचता येत नाही. क्रम म्हणतो तो हाही.

माझं ऐकाल तर सुट्टीभर त्याच्या वजनाचा विषय घरात काढू नका, काट्यावर उभं करू नका, आणि 'हे केलंस तर अर्धा तास मोबाइल' असा सौदा तर अजिबात नको. सौदा झाला की फेरा मजुरी होतो. स्टॉपवॉचही पहिला आठवडा कपाटात. घड्याळ लावलं की मुलं अडथळे चोरतात, काठीवरून उडी मारण्याऐवजी तिला लाथाडून जातात. दुसऱ्या आठवड्यात मागितलंच तर प्रत्येकाने फक्त आपल्या कालच्या वेळेशी तुलना करायची, आणि पडलेल्या प्रत्येक काठीचे पाच सेकंद वाढवायचे.

किती वेळ करायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीत ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगितली आहे, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारी. हा तास एका दमात भरायचा नसतो. फेऱ्याला मिनिट-सव्वा मिनिट लागतं. तीन फेऱ्या, पाणी, मग वाट बदलायची, पुन्हा तीन फेऱ्या. मांडामांड धरून अर्धा तास झाला. उरलेला अर्धा तास सायकल, लगोरी, लंगडी, विहिरीवरून कळशी आणणं यात सहज जातो. दम मोजायची साधी खूण: मूल पळताना तुमच्याशी एक वाक्य बोलू शकतं पण गाणं म्हणू शकत नाही, इतपत बरोबर. वाक्यही तुटत असेल तर राखणदार करा त्याला. मुलाला दम्याचा त्रास किंवा हृदयाचं काही असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

वेळ सकाळची. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों ऐकू आला की सुरू आणि ऊन वृंदावनावर आलं की बंद, असं मी सांगतो. संध्याकाळी पाचनंतरही चालेल. आपल्याकडचं ऊन पुण्या-नागपूरएवढं चढत नाही म्हणून लोक गाफील राहतात, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. तोंड लालबुंद झालं, डोकं दुखतंय म्हणालं, मळमळलं, की सावलीत, पाणी, ओला पंचा. सुरू करण्याआधीच पेलाभर पाणी प्यायला लावा. संपल्यावर कोकमाचं सरबत, चिमूट मीठ घालून.

वाट मुलांनीच बदलायची, हे वर ओझरतं आलं, पण ते ओझरतं नाही. पहिले दोन दिवस तुम्ही मांडा. तिसऱ्या दिवसापासून रोज एकाने मांडायची आणि दुसऱ्यांनी पळायचं. नऊ वर्षांचा मुलगा पाच वर्षांच्या बहिणीसाठी वाट मांडतो तेव्हा तिचं पाऊल किती पडतं, ती कुठे घाबरते, हे त्याला डोळ्यांनी मोजावं लागतं. तो पहिल्यांदा हमखास अशक्य काहीतरी मांडेल. बोलू नका. नियम एकच ठेवा: जो मांडेल त्याने आधी स्वतः पळून दाखवायचं. तुमचं काम फक्त क्रम तपासायचं, म्हणजे गिरकीनंतर फळी नाही ना, उड्या शेवटी गेल्या नाहीत ना, आणि थांबायला जागा आहे ना.

करवंट्याही विसरू नका. दोन अर्ध्या करवंट्या, भोक पाडून सुतळी ओवलेली, त्यांवर पाय ठेवून, सुतळी हातात ताणून टकटक चालायचं. फळीच्या जागी अधूनमधून हे ठेवा. एका पायावर तोल, हात आणि पाय यांचा मेळ, सगळं आलं.

धाकटीबद्दल एक. पाच वर्षांच्या मुलाला साधारणपणे एका पायावर उड्या मारता येतात, तेव्हा लंगडी तिच्याही फेऱ्यात घाला, पण चार उड्यांची. रोज पायही बदला, नाहीतर उजव्यानेच करते.

कुठल्या हालचाली सुटल्या हे बघायला माझ्याकडे एक जुनी यादी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज एबेर नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने व्यायामाची एक पद्धत घडवली आणि हालचालींचे दहा गट केले: चालणं, धावणं, उडी, चार पायांवर चालणं, चढणं, तोल, फेकणं, उचलणं, बचाव आणि पोहणं. सैन्यात आणि मुलांच्या बागांत दिसणाऱ्या अडथळ्यांच्या वाटांवर या पद्धतीची छाप आहे. तुमच्या अंगणात यातले सात सहज येतात. चढणं मी मुद्दाम टाळलंय, कारण त्याला खाली जाड, मऊ थर लागतो आणि सारवलेली जमीन मऊ नसते. चढायचंच असेल तर गावात मल्लखांबाचा वर्ग शोधा. तिथे खाली गादी असते, शेजारी शिकवणारा उभा असतो.

आता जिथे मी हट्टी आहे त्या गोष्टी. माडाखाली वाट मांडायची नाही, कितीही सावली असली तरी. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, येऊन गेल्याला महिने झाले असतील तर त्या बाजूला बसायलाही नको. सोडणांचा, लाकडांचा किंवा चिऱ्यांचा ढीग उपसायचा तर आधी लांब काठीने हलवा, मुलांना जवळ आणू नका. अशा ठिकाणी फुरसं, घोणस बसलेली असू शकतात. आणि दुर्दैवाने काही चावलंच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही करायचं नाही. मुलाला चालू न देता १०८ला फोन आणि सरळ सरकारी इस्पितळ. मुलाचं डोकं अडकेल अशी फट कुठेही नको. त्याच अमेरिकी मार्गदर्शिकेत साडेतीन ते नऊ इंचांमधली फट धोक्याची धरली आहे: अंग आत जातं, डोकं येत नाही. जुनी शिडी आडवी टाकून तिच्या पायऱ्यांमधून पाय टाकत जाणं छान, पण तीच शिडी उभी करून तिच्यातून आरपार जाणं नाही. गळ्यात साखळी, ओढणी, ओळखपत्राची दोरी काही नको. अंगण सारवलेलं असेल तर अनवाणी, पेव्हर घातलेले असतील तर बूट. आणि चिरा ओढायला, उचलायला द्यायचा नाही. तो बोटांवर पडला की नख जातं.

टायर सगळ्यांनाच सुचतात, पंक्चरवाल्याकडे फुकट मिळतात. घ्या, पण स्कूटरचे. ट्रकच्या टायरमधून तारा बाहेर येतात आणि तो अंगावर पडला तर मुलाला हलवता येत नाही. टायरमध्ये साचलेल्या पाण्यात डेंगीचे डास अंडी घालतात, म्हणून प्रत्येकाला तीन-चार भोकं पाडा आणि फेरा संपला की छपराखाली टांगा. जूननंतर टायर बाहेर दिसला तर मी तुमच्या घरी चहाला येणार नाही.

पाऊस. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मोकळं अंगण, मग ते शेवाळाचं होतं. शेवाळावर धावणं बंद, यावर चर्चा नाही. फेरा पडवीत किंवा सोप्यावर आणा आणि त्यातून धाव काढून टाका. बंद जागेत वेग नको, क्रम तसाच ठेवा. सोडणांच्या जागी फरशीवर चिकटपट्टीच्या रेघा, फळीच्या जागी घडी घातलेली गोधडी लांब पसरून, तिच्यावर पाय रुततो म्हणून तोल फळीहून अवघड जातो. दोन खुर्च्यांवर चादर टाकून बोगदा, दोन्ही बाजूंनी उघडा. पिशव्या आणि बादली आहेच. फरशीवर मोजे घालून खेळायचं नाही, अनवाणीच. विरीऐवजी जुनं गोणपाट, त्यावर बहीण, आणि ओढणारा गुडघ्यांवर बसून हातांनी ओढतो. पाय घसरत नाहीत, हात-पाठ दुप्पट लागतात.

आणि चिखलात खेळू द्यावं का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. आषाढी एकादशीनंतर माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकाला होतो, तिथे लहानथोर चिखलात लोळतात. चिखल पाय ओढून धरतो, त्यामुळे धावण्याला जोर लागतो, पडलं तरी लागत नाही, व्यायाम म्हणून त्याला तोड नाही. घरच्या अंगणात करायचं तर गुरं आणि उंदीर जिथून फिरतात तिथला चिखल नको, आणि पायावर जखम असलेलं मूल नको, लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाच्या धोक्यामुळे. काचा, खिळे नाहीत हे आधी फावड्याने उलथून बघा. खेळून झालं की साबणाने आंघोळ.

खर्च म्हणाल तर वाळू, साडी, सोडणं, करवंट्या, बाटल्या घरातच आहेत. फळी नसेल तर सुताराकडे उरलेली मिळेल. विकत आणायची ती फक्त चिकटपट्टी आणि राख नसेल तर खडू. विरी मात्र नुकती पडलेली बघून आणा. जुनी वाळकी दुसऱ्या फेरीतच मधोमध चिरते, आणि धाकटी अंगणात बसलेली, थोरला झावळी घेऊन पुढे गेलेला. ताजी मिळाली नाही तर रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, सकाळी ती चामड्यासारखी लवते.